निरंक

"एवढ्या मोठ्या नावाने कोण हाक मारणार? आमच्याकडे कामाच्या मुलीला मंदाच म्हणतात. मुलांना सवय झालीय."

बंगल्याच्या मागच्या दारात उभं करून काकूंनी हे सांगितलं. नाव त्यांनीच विचारलं होतं. मी सांगितलं होतं. त्या हसल्या. माझं नाव माझ्या वडिलांनी विहारात जाऊन, भन्तेंना विचारून ठेवलेलं. बुद्धाच्या गोष्टीतलं. शेजारी आई उभी होती, माझ्या कपड्यांची पिशवी छातीशी धरून. काकूंनी पायपुसण्याकडे बोट दाखवलं, मी पाय पुसले आणि मंदा होऊन आत गेले.

खरी मंदा कधीच लग्न होऊन गेली होती. तिच्यानंतर दुसरी मंदा आली, ती का गेली ते मला कुणी सांगितलं नाही. मी तिसरी. घरात कुत्रं बदललं की त्याचं नाव नवं ठेवत. माणसाचं तेच.

माझं नाव मी इथेही सांगणार नाही. ज्यांनी इतकी वर्षं विचारलं नाही, त्यांना आता फुकट कशाला सांगू?

गोष्ट अंबरनाथची. ऐंशीच्या दशकाची सुरुवात. वडील कारखान्यात होते, आम्ही कारखान्याच्या चाळीत राहायचो. वडील बॉयलरपाशी भाजले आणि तीन दिवस कण्हून गेले. चाळीतली खोली कामगाराची. कामगार गेला की खोली सोडायची, असा नियम. आईच्या पदरात मी आणि दोन लहान भाऊ. कुठली खोली कुणाला, हे ठरवणारे साहेब एक दिवस स्वतः दारात आले. सगळी चाळ बघायला बाहेर आली. साहेब म्हणाले, खोली राहू द्या. मुलीला आमच्याकडे पाठवा. घरच्यासारखी राहील, शाळेत घालू.

कागद नाही, सही नाही, अंगठा नाही. खोली राहिली, मी गेले. इतका साधा व्यवहार. आई त्यांच्या पाया पडली होती, हे मला अजून दिसतं आणि अजून माझं डोकं फिरतं.

बंगला चाळीपासून चालत जाण्याइतका जवळ होता. पण मला चालत जाता येत नव्हतं. सणाला आई यायची, मागच्या दारात बसायची. काकू तिला फराळ द्यायच्या आणि आम्ही बोलायला लागलो की तिथेच खुर्ची टाकून बसायच्या. मी एकदा म्हटलं, आई, मला घरी ने. आईने काकूंकडे बघितलं. मग मला म्हणाली, "नीट राहा. खोली आहे."

एवढंच. मला सगळं समजलं. लहान पोरींना समजत नाही असं मोठ्यांना उगाच वाटतं.

शाळेचं विचाराल, तर शाळेचा रस्ता मला पाठ झाला. साहेबांच्या मुलीचं दप्तर मीच पोचवायचे. ती माझ्याच वयाची. फाटकापर्यंत जायचं, दप्तर तिच्या खांद्यावर द्यायचं आणि पळत परत यायचं. उशीर झाला तर काकू घड्याळाकडे बघायच्या. त्यांचं ते बघणं पुरेसं होतं.

मला लोक पुढे एकच प्रश्न विचारत आले. मारायचे का? नाही, मारलं नाही. उपाशी ठेवलं का? नाही. शिळं असायचं, पण पोटभर असायचं. हे ऐकलं की विचारणाऱ्याचा चेहरा सैल होतो. म्हणजे मग काही विशेष नाही. मला तेव्हा त्याच्या तोंडावर ओरडावंसं वाटतं. मी पहाटे सगळ्यांच्या आधी उठायचे आणि सगळ्यांच्या नंतर अंग टाकायचे, ते मार नाही म्हणून चालतं का? घरची माणसं कल्याणला नाटकाला गेली की मला आत ठेवून बाहेरून कुलूप लावायची. चोर येतात म्हणून. घरातल्या वस्तूंना कुलूप लावतात तसं मलाही लावलेलं. माझा कप मागच्या खिडकीत वेगळा. देवघराच्या उंबऱ्याला माझा हात लागायचा नाही. पण सगळ्यांचा चहा मी करायचे. चहाला विटाळ नसतो, असं साहेब हसत म्हणायचे. कामाला विटाळ नसतो हे त्यांनी बरोबर ओळखलं होतं.

तर बघणाऱ्यांबद्दल सांगते. कारण पुढे जे घडलं ते त्यांच्यामुळे.

संक्रांतीला बंगल्यात हळदीकुंकू असायचं. सगळ्या कॉलनीच्या बायका यायच्या. डॉक्टरांच्या बाई, इंजिनियरच्या बाई, आणि एक शाळेतल्या बाई. त्या नागरिकशास्त्र शिकवायच्या, हे मला साहेबांच्या मुलीच्या पुस्तकावरून माहीत. मी अत्तरदाणी आणि गुलाबदाणी घेऊन मागे मागे फिरायचे. एका वर्षी त्या बाईंनी माझी हनुवटी धरून विचारलं, शाळेत जातेस का गं? मी तोंड उघडलं. माझ्या आधी काकू बोलल्या, "डोक्यात काही शिरत नाही हो तिच्या. आम्ही खूप प्रयत्न केला."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना खरं कळलं होतं. शपथेवर सांगते, कळलं होतं. मग त्यांनी तिळगूळ तोंडात टाकला, वाण उचललं आणि काकूंना म्हणाल्या, या हं आमच्याकडे. संपलं. नागरिकशास्त्र पुस्तकात राहिलं आणि मी पडद्याआड.

माझ्याबद्दल पहिल्यांदा तोंड उघडलं ते रखमामावशीने. ती बोहारीण. जुन्या कपड्यांवर भांडी द्यायची. डोक्यावर पाटी घेऊन चाळीतही फिरायची आणि कॉलनीतही. एका दुपारी काकूंनी तिला मागच्या दारात बसवलं आणि साहेबांच्या दोन पँटी टाकून पातेल्यासाठी घासाघीस चालवली. मी कपडे आणायला आत-बाहेर करत होते. काकू हाक मारत होत्या, मंदा, ती निळी साडी पण आण. मंदा, टोपण बघ बसतं का.

रखमामावशीने मान वर केली. माझ्याकडे बघत राहिली. माझे वडील गेल्यावर त्यांचे कपडे आईने तिलाच दिले होते. पण तिने नुसतं टोपण ठोकून दाखवलं, साडी झटकून बघितली, पाटी उचलली आणि गेली. मला वाटलं, हीसुद्धा त्यातलीच.

ती तिथून सरळ पोलीस चौकीत गेली होती. हे मला नंतर कळलं. तिने माझं नाव सांगितलं, बापाचं नाव सांगितलं, बंगला सांगितला. पोरीला डांबून ठेवलंय म्हणाली. चौकीत हसले. साहेबांच्या घरी? तिला म्हणाले, तू भांडी विक. दुसऱ्या दिवशी ती पाटी घेऊन चौकीच्या पायरीवर जाऊन बसली. तिसऱ्या दिवशीही. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. शेवटी तिची ब्याद टळावी म्हणून एका हवालदाराला पाठवलं.

मी स्वयंपाकघरात होते. पुढच्या खोलीत हवालदाराचा आवाज आला. काकूंनी आतच ओरडून सांगितलं, मंदा, चहा टाक. मी आधण ठेवलं. आणि हवालदाराने माझं नाव घेतलं.

पूर्ण नाव, वडिलांसकट. किती वर्षांनी ते कुणी मोठ्याने म्हटलं होतं. मी हातातली चहापूड आधणात टाकली आणि ऐकत राहिले.

"या नावाची मुलगी इथं आहे का?"

काकू म्हणाल्या, अशी कुणी इथे नाही. सहज म्हणाल्या. त्या खोटं बोलत होत्या असं मला आजही वाटत नाही. माझं नाव त्या खरोखर विसरल्या होत्या. हवालदार म्हणाला, मी शेजारीपण विचारलं, डॉक्टरसाहेबांकडे, समोरच्या बाईंकडे, सगळे म्हणाले अशी मुलगी कॉलनीत नाहीच. त्यांचंही खरं होतं. माझ्या हातून गुलाबपाणी शिंपडून घेतलेल्या त्या सगळ्या बायकांना मंदा माहीत होती. मी नव्हते. हवालदार म्हणाला, मग काय, त्या बोहारणीचं डोकं फिरलंय, तसं सांगतो.

चहा उतू गेला. मी गॅस बंद केला, चहा गाळला. सवय अशी असते की तेव्हाही मी कप पुसून घेतले. ट्रे घेऊन बाहेर आले. हवालदारासमोर धरला. त्याने कप उचलला तेव्हा मी बोलले.

"ते नाव माझं आहे."

काकू हसल्या, म्हणाल्या, हिचं डोकं जरा असंच आहे, कुणाचंही ऐकते. मी वडिलांचं नाव सांगितलं. चाळीचं, खोलीचं सांगितलं. हवालदाराने मला खालून वर बघितलं. अंगावर साहेबांच्या मुलीचा जुना फ्रॉक होता, चांगला होता.

"कुणी मारतं का तुला?"

"नाही."

"जेवायला देतात?"

"देतात."

"मग?"

चौदाएक वर्षांची असेन. डांबणं, वेठ, हे शब्द माझ्याकडे नव्हते. मी म्हटलं, मला घरी जायचंय. काकूंचा चेहरा उतरला. त्या हळूच म्हणाल्या, "खोलीचं काय गं मग?"

त्या घरातल्या कुणी इतकी वर्षं हे उच्चारलं नव्हतं. त्या दिवशी काकूंनी स्वतःच्या तोंडाने उच्चारलं, पोलिसाच्या देखत. पोलिसाला त्यात काही दिसलं नाही. त्याने चहा संपवला, छान झालाय म्हणाला, आणि सायकलकडे निघाला.

मी ट्रे टेबलावर ठेवला आणि त्याच्या मागे निघाले. काकूंनी हाक मारली, मंदा. पुन्हा मारली. मंदा थांबली असेल. मी चालत होते. हवालदार सायकल हातात धरून चालत होता, मागे वळून बघत होता, पण हाकलत नव्हता. दोन्ही बाजूंच्या गॅलऱ्यांमध्ये माणसं आली. मी अनवाणी होते. नागरिकशास्त्राच्या बाई कपडे वाळत घालत होत्या. चिमटा दातात धरून बघत राहिल्या.

आता नीट ऐका. मी त्या बंगल्यात होते तेव्हा कॉलनीतल्या एकाही घरातून चौकीला फोन गेला नाही. घरोघरी फोन होते. मी बाहेर पडले आणि आम्ही चौकीत पोचायच्या आत फोन आला होता. चांदीची वाटी गेली. कामाची मुलगी घेऊन पळाली. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात ना, त्या मी त्या दिवशी कानांनी ऐकल्या.

हवालदाराला माहीत होतं माझे दोन्ही हात रिकामे होते. तो तसं म्हणालाही, पुटपुटत. फौजदाराने त्याच्याकडे पाहिलं आणि तो गप्प झाला. वाटीची तक्रार लिहायला घेतली. मी म्हटलं, माझीपण लिहा.

फौजदार म्हणाला, "तुझी काय? घरी जायचं होतं ना? मग निघालीस की आता. गुन्हा कुठाय?"

पायरीवर रखमामावशी होती. ती आत आली आणि तिने माझ्या फ्रॉकचे खिसे उलटे केले, सगळ्यांसमोर मला गोल फिरवलं. म्हणाली, "शोधा वाटी. सापडली तर मला आत टाका." मग ती तिथेच फरशीवर बसली आणि एवढ्या मोठ्याने बोलत राहिली की रस्त्यावर माणसं जमली. संध्याकाळ व्हायच्या आत बंगल्यावरून दुसरा फोन आला, वाटी सापडली. कपाटामागे पडली होती म्हणे. वाटीची तक्रार फाडली. माझी लिहिलीच नव्हती, तर फाडायचा प्रश्न नव्हता.

त्या दिवशी आईने मला मारलं. खूप मारलं. ज्या बंगल्यात कुणी मारत नव्हतं तिथून मी आले आणि पहिला मार आईचा खाल्ला. मग तिने ताट वाढलं आणि माझ्या नावाने हाक मारून जेव म्हणाली. मी रडले ती तेव्हा, माराला नाही.

खोली गेली. महिन्याच्या आत सामान बाहेर. आम्ही उल्हासनगरला वालधुनीच्या काठी पत्र्याच्या झोपडीत गेलो. भाऊ आजारी पडले. आई धुणीभांडी करायला लागली. मला कुणी विचारतं, तुला पश्चात्ताप नाही झाला? घर घालवलंस आईचं. मी सांगते, घर मी घालवलं नाही. ज्याने माझ्या बापाच्या मरणावर खोलीचा सौदा केला त्याने घालवलं. त्याला विचारा. त्याला कुणीही कधी विचारलं नाही. पुढे कारखान्याने त्याचा सत्कार केल्याचं मी ऐकलं.

पुढची गोष्ट नव्वदनंतरची. मी उल्हासनगरच्या पाच नंबर कॅम्पात जीन्सच्या कारखान्यात लागले होते. शिवलेल्या पँटींचे धागे कापायचे. एका खिडकीपाशी आम्ही बायका ओळीने बसायचो. समोर बिल्डिंगची मागची बाजू, मोऱ्या आणि गॅलऱ्या. एका गॅलरीत एक पोरगी दिवसभर दिसायची. भांडी, धुणं, मग लहान मूल कडेवर. घरातले तिला छोटी म्हणायचे. घरातली सगळी बाहेर गेली की ती गॅलरीच्या जाळीला तोंड लावून उभी असायची. दार बाहेरून बंद आहे, हे मला कुणी सांगायला नको होतं.

आमच्या ओळीतल्या सगळ्या बायकांना माहीत होतं. खालच्या पानवाल्याला माहीत होतं. आमच्या सेठलाही. तो सिंधी, तसा बरा माणूस. मी म्हटलं, फोन करू द्या चौकीला. त्याने फोन माझ्याकडे सरकवला आणि म्हणाला, "कर लो बाई. पर दुकान का नाम मत लेना." पानवाला म्हणाला, आपलं नाव नको. बायका म्हणाल्या, आमचं सांगू नको गं. सगळ्यांना पोरगी सुटायला हवी होती. फक्त सांगणारा दुसरा कुणीतरी हवा होता.

मी फोन केला नाही. आधी एक काम केलं. जेवणाच्या सुट्टीत खिडकीतून तिला हाक मारली आणि विचारलं, तुझं घरचं नाव काय? तिने आत बघितलं. परत माझ्याकडे बघितलं. मग तिने सांगितलं. मुरबाडकडची, कातकऱ्याची पोर. बाप वीटभट्टीवर. भट्टीचा मालक आणि हे घर एकमेकांचे नातेवाईक.

मी चौकीत गेले. तिथून म्हणाले, हे तहसीलचं काम. तोवर मला शब्द माहीत झाला होता, वेठबिगार. विहारातल्या एका वकिलाने सांगितलं होतं की त्याच्याविरुद्ध कायदा आहे, आणि असं कुणी आढळलं तर तहसीलदाराने बघायचं असतं. मी अर्धा दिवस खाडा करून तहसील कचेरीत गेले. कारकुनाने चष्म्यावरून बघितलं.

"वेठबिगार? आपल्या तालुक्यात नाहीत."

"तुम्ही बघितलंत?"

"दर वेळी वर अहवाल जातो ना बाई. वेठबिगार, निरंक. माझ्या आधीचा साहेबपण निरंकच पाठवायचा. आजपर्यंत कधी आढळलेले नाहीत."

निरंक. मी तो शब्द पहिल्यांदा ऐकला. मी विचारलं, म्हणजे काय? तो म्हणाला, म्हणजे काही नाही. शून्य. मी हिशोब केला. मी मागच्या खिडकीतल्या कपातून चहा पीत होते, बाहेरून कुलूप होतं, आई मागच्या दारात फराळ खात होती, तेव्हा कुठल्यातरी टेबलावरून वर गेलं असेल, निरंक. माझं अख्खं लहानपण त्या शून्यात होतं. माझ्या तोंडून शब्द आले ते शांत आले, याचं मलाच नवल वाटलं.

"साहेब, त्या निरंकात मी होते."

त्याला कळलं नाही. किंवा कळलं आणि त्याने कानावर हात ठेवले. मी सांगितलं, माणूस पाठवा, पण आधी कळवू नका. मालकिणीसमोर पोरीला विचारू नका. तिथे चहा घेऊ नका. तो म्हणाला, आता तुम्ही आम्हाला कामकाज शिकवणार? मी सही करून तक्रार दिली. माझं खरं नाव, पूर्ण, पत्त्यासकट. त्याने ती फायलीत ठेवली.

पुढच्या आठवड्यात माणूस आला. त्याच्या आधी निरोप आला होता. सकाळपासून गॅलरीत कुणी नव्हतं. माणूस वर गेला, बऱ्याच वेळाने मिशा पुसत खाली आला. मला म्हणाला, छोटी नावाची कुणी मुलगी तिथे नाही. मी म्हटलं, मी दुसरं नाव लिहून दिलं होतं. तो म्हणाला, तीपण नाही.

ती कुठे गेली मला आजही माहीत नाही. मी मुरबाडला जाऊन आले. भट्टी पेटलेली होती, तिचा बाप दुसऱ्या भट्टीवर गेला म्हणाले. कुठल्या, कुणाला ठाऊक नाही. तिचं नाव माझ्याकडे आहे आणि ती नाही. त्या तालुक्याचा अहवाल त्या वेळीही वर गेला असणार. काय गेला असेल ते सांगायला नको.

त्या दिवसापासून मी शहाणपण सोडलं. बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर, जिथे अशी पोर दिसते तिथे मी आधी कचेरीत जात नाही. आमच्या वस्तीतल्या चार बायका घेते आणि भर दुपारी दार वाजवते. मालकिणीशी बोलत नाही. पोरीशी बोलते. यायचंय का, विचारते. हो म्हणाली की तिचा हात धरून खाली उतरते. मागून ओरडतात, पोरगी पळवली, चोरी केली, पोलिसांना बोलावतो. बोलवा. आमच्यावर एकदा केसही झाली, तारखांना गेलो. पुन्हाही जाऊ. माझी आई म्हणते, कशाला घेतेस अंगावर? मी चपला घालते आणि निघते.

मी पोरीला घेऊन तहसील कचेरीत जाते. तिला त्या टेबलासमोर उभी करते. खुर्ची दिली नाही तरी चालतं, आम्ही उभ्या राहतो. कारकून मान वर करेपर्यंत थांबते. मग पोरीला म्हणते, सांग तुझं नाव, मोठ्याने सांग. ती सांगते. आणि मी कारकुनाला म्हणते, लिहा. एक.